पिशवीच्या आत

गर्भाशय हा शब्द पुस्तकातला. आमच्या वस्तीत तो कोणी बोलत नाही. आमच्यात पिशवी म्हणतात. पिशवीला सूज आली, पिशवी खाली आली, पिशवी साफ केली, पिशवी काढून टाकली. बाजाराला नेतो ती पिशवी अन् ही पिशवी, शब्द एकच. तिच्यातून काय बाहेर पडतं यावर बाईचा भाव ठरतो. लेकरू पडलं तर बाई भाग्याची. नाही पडलं तर वांझोटी. आत काय चाललंय ते पाहायची कोणाला गरज वाटली नाही.

संपादकांनी माझ्याकडे कविता मागितली होती. कविता मला जमत नाही. मी रिसोड तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मला रजिस्टर लिहिता येतं. तेव्हा रजिस्टर लिहिल्यासारखं सरळ लिहिते. कोणाला लाज वाटली तर त्याने पान उलटावं.

पहिलं भांडण तुमच्याशीच आहे मित्रांनो. किती जयंत्या, किती शिबिरं, किती बैठका मी ऐकल्या. सतरंज्या टाकण्यापासून चहाचे कप विसळण्यापर्यंत मी असतेच. प्रत्येक ठिकाणी एक तरी पोरगा उठतो, मूठ आपटतो अन् म्हणतो, "या वांझोट्या चर्चा आता बंद करा!" कोणी वांझोटं साहित्य म्हणतो. कोणी वांझोटा संताप. टाळ्या पडतात. शब्द धारदार आहे. मी मागच्या रांगेत बसलेली असते. धार कोणाच्या अंगावरून गेली ते बोलणाऱ्याला दिसत नाही.

अन् त्या बोलणाऱ्याच्या पाठीमागे भिंतीवर फोटो कोणाचा असतो? सावित्रीमाईचा. सावित्रीबाईंना पोटचं मूल झालं नाही. जोतीरावांनी दुसरं लग्न करावं म्हणून घरच्यांनी त्यांच्या मागे लागून पाहिलं. ते बधले नाहीत. मूल होत नाही यात खोट बाईचीच कशावरून, असं ते विचारत म्हणून सांगतात. १८७४ साली काशीबाई नावाच्या विधवा ब्राह्मण बाईचं मूल त्या दोघांनी आपलं म्हटलं. तो यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोगी उचलून आणत होत्या अन् यशवंत त्यांना औषध देत होता. त्याच प्लेगात त्या गेल्या. गावाच्या भाषेत या बाईला काय म्हणत असतील, तो शब्द एकदा फोटोकडे तोंड करून म्हणून पहा. जीभ रेटते का?

आता माझं सांगते.

लग्न २००९ चं. नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. पहिलं वर्ष कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षापासून पाळी आली की आत्याबाईंचा चेहरा पडायचा. आमच्या घरात पाळीचा विटाळ पाळत नाहीत. विटाळ म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको, गावाने तो आपल्याच अंगावर लिहिला होता. तो धम्म घेतला तेव्हा सुटला. पण पाळीचा हिशोब सुटला नाही. महिन्याच्या महिन्याला सासूच्या तोंडी तारीख पाठ. शेजारची बुढी भेटली की म्हणायची, "काय वं माय, अजून काईच नाई?" अन् सरळ पोटाला हात लावून पाहायची. घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा, अन् माझ्या दंडाला ताईत. आत्याबाईंनी बांधला. मी तोडला. दोन दिवस चूल वेगळी झाली.

२०१२ साली मी अंगणवाडीत लागले. लेकरांच्या आया मला ताई म्हणतात, खिचडी नेतात, पण एकीने त्याच महिन्यापासून आपल्या लेकराच्या गालाला काजळाचा ठिपका लावून पाठवायला सुरुवात केली. वस्तीतल्याच बाईने. बारशाला मला पाळण्याच्या दोरीपासून लांब बसवतात. गाणं म्हणायला मात्र बोलावतात, आवाज चांगला आहे म्हणून.

माझ्या रजिस्टरात गरोदर बाईला रकाना आहे. स्तनदा मातेला रकाना आहे. लेकरांचं वजन, उंची, दंडाचा घेर, सगळ्याला रकाने. आशाताईच्या वहीत पात्र जोडपी असतात. कोणाला किती लेकरं, कोणी तांबी बसवली, कोणाचं आपरेशन झालं. ज्या जोडप्याला मूलच नाही त्याच्यापुढे नुसती रेघ. त्यांच्यासाठी काही करायचं असतं असं कोणत्याच कागदावर लिहिलेलं नाही. आमचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ साली केंद्र सरकारने त्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं. आकांक्षित म्हणजे मागासच, शब्द फक्त धुऊन वाळत घातलेला. त्या योजनेत गरोदर बायांची नोंदणी मोजतात, दवाखान्यातली बाळंतपणं मोजतात, टी.बी.चे रोगीही मोजतात. टी.बी. ध्यानात ठेवा. पुढे तोच येतो.

पहिला डॉक्टर खाजगी. नाव लिहीत नाही. त्याने आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग टेबलावर झोपवलं अन् दोन मिनिटांत सांगितलं, पिशवी साफ करावी लागेल. नवरा बाहेर बाकड्यावर बसलेला. त्याला एक प्रश्नही विचारला नाही. दोन बकऱ्या गेल्या, पायातल्या तोरड्या गेल्या. वर्षाने पुन्हा तेच. पिशवी साफ करणं म्हणजे आतलं अस्तर खरवडून काढणं. ते खरवडलेलं बादलीत गेलं. दोन्ही वेळा. ते बाटलीत घालून तपासायला पाठवलं असतं तर माझी पाच वर्षं वाचली असती. पण बादलीत काय आहे हे पाहण्यासाठी आधी आतल्या बाईला काही झालं असेल असं वाटावं लागतं.

आतलं मला पहिल्यांदा सांगितलं ते उपकेंद्रातल्या एका सिस्टरने. ती बिचारी बदली होऊन आलेली, संध्याकाळी एकटी असायची. तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. मधे पिशवी, मुठीएवढी. दोन्ही बाजूंना नळ्या. नळ्यांच्या टोकाला बीजकोश. महिन्याला एक बीज सुटतं, नळीत येतं, तिथे पुरुषाचं बीज भेटलं तर गर्भ धरतो अन् पाच-सहा दिवसांनी पिशवीत उतरून अस्तरात रुजतो. नाही भेटलं तर अस्तर गळून पडतं. तीच पाळी. दहावीच्या पुस्तकात हा धडा होता, पण आमच्या गुरुजींनी तो घरी वाचायला सांगितला होता.

मग तिने एक साधा उपाय दिला. मेडिकलमधून थर्मामीटर आण म्हणाली. पहाटे जाग आली की अंथरुणातून उठायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी, जिभेखाली धर. रोज एकाच वेळेला. आकडा लिहून ठेव. बीज सुटायच्या आधी अंगाची ऊब थोडी कमी असते. सुटल्यावर अर्ध्या ते एक अंशाने चढते अन् पाळी येईस्तोवर चढूनच राहते. ही बिनपैशाची तपासणी आहे.

भीमजयंतीच्या वर्गणीचं एक पावतीपुस्तक उरलं होतं. पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी आकडे लिहायला लागले. पत्र्याचं घर. उन्हाळ्यात दुपारी पारा आपोआप वर जाऊन बसायचा, तो पहाटे अंधारात आधी झटकून उतरवायचा. नवरा म्हणायचा, "काय झटकून राह्यली वं रोज?" सत्त्याण्णव पॉइंट चार. सत्त्याण्णव पॉइंट तीन. सत्त्याण्णव पॉइंट चार. मग सोळाव्या दिवशी अठ्ठ्याण्णव पॉइंट एक. अन् पुढे तसंच. दुसऱ्या महिन्यातही पायरी. तिसऱ्यातही. चौथ्यातही. मी त्या पावत्या घेऊन बसायची. गाव जिला वांझोटी म्हणतं ती पिशवी दर महिन्याला तयारी करत होती. अंथरूण घालत होती, पाहुणा आला नाही की आवरून ठेवत होती. अन् पुन्हा घालत होती. माझ्याबद्दल कोणी लिहिलेली ही पहिली खरी गोष्ट, अन् ती मीच लिहिलेली.

सिस्टरने पावत्या पाहिल्या. म्हणाली, बीज सुटतंय. पण थर्मामीटर एवढंच सांगतं. नळ्या उघड्या आहेत का, अस्तर धड आहे का, ते त्याला कळत नाही. अन् नवऱ्याचं काय? मूल होत नाही अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असतं. त्याची तपासणी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी. ना सुई, ना टाका. तरी ती सगळ्यात शेवटी होते. माझा नवरा वाईट माणूस नाही. त्यानेही सहा महिने टाळलं. शेवटी गेला. लॅबवाल्याने हातात डबी दिली अन् संडासाकडे बोट दाखवलं. संडासाला कडी नव्हती. बाहेर आला तेव्हा सदरा घामाने भिजलेला. रिपोर्ट चांगला निघाला. परतीच्या एस.टी.त बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "तुले इतक्या डाव तपासलं. मले एकाच डावात घाम फुटला वं." त्या दिवसापासून घरात दुसऱ्या लग्नाची गोष्ट निघाली की तोच उठून बाहेर जायचा.

मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात एक शिकाऊ डॉक्टरीण भेटली. वय माझ्यापेक्षा कमी. लाईन एवढी की केसपेपर काढायलाच दुपार. तिने बाकी सगळे प्रश्न विचारले अन् मग एक विचारला जो आठ वर्षांत कोणी विचारला नव्हता. "घरात कोणाला टी.बी. होता का?"

माझा बाप जिनिंगमध्ये हमाल होता. कापसाची धूळ अन् रुईचे तंतू त्याच्या भुवयांवर बसलेले असायचे. घर दहा बाय दहाचं. आम्ही सहा जण. घराला खिडकी नव्हती, कारण त्या बाजूला दुसऱ्याची भिंत होती अन् या बाजूला चुलीचा धूर. बाप रात्रभर खोकायचा. राखेचा डबा त्याच्या उशाशी, तो सकाळी उकिरड्यावर रिकामा करायचं काम माझं. मी सात-आठ वर्षांची. त्याला इंजेक्शनं सुरू झाली होती. थोडं बरं वाटलं की तो पुन्हा हमालीला जायचा, इंजेक्शन बुडायचं, कारण दवाखान्याचा दिवस म्हणजे मजुरी बुडण्याचा दिवस. मी नववीत असताना तो गेला. मला कधी खोकला झाला नाही. मला वाटलं, बापाचं दुखणं बापाबरोबर गेलं.

ते गेलं नव्हतं. टी.बी.चा जंतू श्वासातून फुप्फुसात जातो, रक्तातून दुसरीकडे पोहोचतो अन् कितीतरी वर्षं निजून राहू शकतो. बाईच्या पोटात तो आधी नळ्यांत बसतो, मग अस्तरात उतरतो. खोकला नाही, ताप नाही, रोडावणं नाही. पाळी थोडी कमी जाते, एवढंच. कित्येकींना तेवढंही होत नाही. मूल होत नाही हीच काय ती खूण. आपल्या देशात मूल न होण्यामागे जी मोठी कारणं आहेत त्यात हे एक आहे, अन् हे जास्त करून त्याच घरांत सापडतं ज्या घरांना खिडकी नसते.

डॉक्टरणीने पाळीच्या आधीच्या दिवसांत बोलावलं. अस्तराचा छोटा तुकडा घेतला अन् दोन बाटल्यांत टाकला. एक फॉर्मलीनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. दुसरा मिठाच्या पाण्यात, जंतू शोधण्यासाठी. फॉर्मलीनने जंतू मरतो, म्हणून दुसरी बाटली वेगळी. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुमच्या बहिणीची, वहिनीची पिशवी कोणी साफ करणार असेल तर विचारा, काढलेलं कुठे पाठवणार? किती बाटल्यांत?

टी.बी. निघाला. साल २०१८. सहा महिने सरकारी गोळ्या. फुकट मिळतात. त्याच वर्षी एप्रिलपासून रोग्याच्या खात्यात पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये जमा व्हायला लागले होते, आता ते १००० झालेत. गोळ्यांनी लघवी केशरी होते, आत्याबाई घाबरल्या, रक्त जातं म्हणाल्या. पण टी.बी. आहे कळल्यावर त्यांच्यात काहीतरी बदललं. त्या मला पहिल्यांदा आजारी समजल्या. रोज एक अंडं उकडून देत. वांझोटीला अंडं नसतं, आजारी सुनेला असतं.

सहा महिन्यांनी जंतू मेला. मग नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढला. दोन्ही नळ्या बंद. जंतू मरतो, त्याने केलेले वण राहतात. डॉक्टरीण माझा हात धरून म्हणाली, आता टेस्ट ट्यूब बेबी हाच रस्ता, अन् त्यातही अस्तर साथ देईल का सांगता येत नाही. मला तिचा हात आठवतो. दवाखान्यात आपला हात कोणी धरत नाही.

टेस्ट ट्यूब बेबीचं काय आहे ते सांगते. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत के.ई.एम. दवाखान्यात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून तसं मूल जन्मलं. हर्षा चावडा तिचं नाव. के.ई.एम. म्हणजे महापालिकेचा दवाखाना. बरोबर काम करणारी संस्थाही सरकारची. म्हणजे सुरुवात गरिबाच्या दवाखान्यात झाली. मग ती विद्या कुठे गेली? शहराशहरांत काचेच्या दाराआड. एका खेपेला लाखाच्या पुढे, अन् एका खेपेत होईलच असं नाही. २०२१ साली या दवाखान्यांसाठी केंद्राने कायदा केला. कायद्याने नोंदणी आली, आमच्यासारखीला आत जायला वाट आली नाही. गोव्यात २०२३ साली सरकारी मेडिकल कॉलेजात ही सोय मोफत सुरू झाली. म्हणजे सरकारने मनात आणलं तर होतं. आमच्या वाशिमला २०२४ साली मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथे ही मागणी कोणी घेऊन गेलंय का?

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा आला होता. नागपुरात बी. फार्म. करतो. त्याने मोबाईलवर एक गोष्ट वाचून दाखवली अन् माझी झोप उडाली. इंग्लंडात साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या डॉक्टर अन् इंजिनिअर लोकांनी एक बारीकसं यंत्र केलंय. तांबी बसवतात तसंच ते पिशवीत ठेवायचं. त्यात बॅटरी नाही. बाईने कपड्याच्या आत अँटेना घालायची, तिच्यातून त्याला वीज मिळते अन् आतला निरोप बाहेर येतो. ते तीन गोष्टी मोजतं. ऊब किती, प्राणवायू किती, आंबटपणा किती. बाई घरी असते, काम करत असते, झोपलेली असते, तरी आतलं कळत राहतं.

मी विचारलं, हे आधी मोजलं नव्हतं का? तर फारसं नाही. त्याच गटातल्या संशोधकांनी २०१८ साली जगभरातले अभ्यास गोळा करून मांडले. जनावरांवरचे आकडे बरेच, जिवंत बाईच्या पिशवीतले फार थोडे. प्रयोगशाळेत गर्भ वाढवतात तेव्हा पेटीत किती प्राणवायू ठेवायचा यावर डॉक्टर लोक कितीतरी वर्षं वाद घालत आलेत. बाहेरच्या हवेत वीस-एकवीस टक्के असतो, आता चांगल्या प्रयोगशाळा पाचच्या आसपास ठेवतात. पण खऱ्या पिशवीत महिन्याच्या कोणत्या दिवशी किती असतो, ज्या बाईचा गर्भ रुजत नाही तिच्यात काय वेगळं असतं, हे अजून नीट माहीत नाही. माणूस चंद्रावर जाऊन आला अन् जिथून आला तिथलं हवामान त्याला माहीत नाही.

मला हसू आलं, मग राग आला. १९६५ पासून सरकार या देशातल्या बायांच्या पिशवीत काही ना काही बसवत आलंय. आधी लूप, मग तांबी. सगळं आत काही धरू नये म्हणून. आत कसं आहे हे विचारणारी वस्तू पहिल्यांदाच ऐकली. यंत्र आमच्याकडे येईल तेव्हा येईल. पण बाईच्या पिशवीत डोकावणारे कोण कोण होऊन गेले, ते तुम्हाला माहीत असावं.

तुम्ही पँथरच्या गोष्टी सांगता, काळ्यांच्या लढ्याशी नातं सांगता. मग अनार्का, बेट्सी अन् लूसी ही नावंही पाठ करा. अमेरिकेत अलाबामात १८४५ ते १८४९ या काळात जे. मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने या गुलाम बायांवर भूल न देता आपरेशनं करून पाहिली. एकट्या अनार्कावर तीसेक वेळा. त्यातून तो स्त्रीरोगशास्त्राचा बाप ठरला. बाईला तपासायचं एक हत्यार अजून त्याच्या नावाने ओळखलं जातं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा लोकांनी ओरड केली तेव्हा २०१८ साली हलवला.

आपल्याकडे १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. असं करणारं हे पहिलं राज्य. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. आणीबाणीत पुरुषांना धरून नेलं, त्याचा बोभाटा झाला, सरकार पडलं. मग सगळा भार बायांवर आला. आज महाराष्ट्रात लग्न झालेल्या शंभर बायांतल्या निम्म्यांच्या आसपास बायांनी आपरेशन केलेलं असतं, अन् पुरुष शंभरात एकही भरत नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांचं प्रकरण निघालं. ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ बायांची पिशवी काढलेली. खाडा झाला तर मुकादम दंड लावतो, पाळीत अंगावरून जातं, पांढरं जातं, कंबर धरते. औषध काय? काढून टाका. आत काय दुखतंय हे पाहायला वेळ कोणाला.

एकदा कोणीतरी पाहिलं होतं. आपल्याच विदर्भात. गडचिरोलीत डॉ. राणी बंग अन् डॉ. अभय बंग यांनी वसा अन् अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या. ज्या दवाखान्यात आल्या त्याच नव्हे, गावातल्या बाकीच्याही. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरातल्या ९२ बायांना आतला काही ना काही आजार. एकीला सरासरी साडेतीनपेक्षा जास्त. अन् याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ. बाकीच्या आजार घेऊनच निंदायला जात होत्या. यासाठी बिनबॅटरीचं यंत्र लागलं नाही. बाईला माणूस समजून टेबलापर्यंत आणावं लागलं, एवढंच.

कोणी म्हणेल, ताई, देशात लोकसंख्या एवढी, गरिबाला लेकरं जास्त, तुमचं काय हे? हे मला एका शिकलेल्या कार्यकर्त्याने तोंडावर म्हटलंय, बाबासाहेब संततिनियमनाच्या बाजूने होते असाही दाखला दिलाय. होतेच. १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर खटला झाला तेव्हा त्यांची बाजू कोर्टात बाबासाहेबांनी लढवली. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तो बाबासाहेबांचाच. ठराव पडला. पण मूल कधी हवं, किती हवं, हवं की नको, हे बाईने ठरवावं यासाठी तो होता. ठरवायचं म्हणजे नको म्हणताही आलं पाहिजे अन् हवं असेल तर ते का होत नाही हेही कळलं पाहिजे. अर्धाच दाखला देऊ नका.

मला आता मूल हवंच असं राहिलं नाही. अंगणवाडीत सव्वीस लेकरं आहेत, त्यातली चार माझ्या ओच्याला धरून असतात. काजळाचा ठिपका लावणारीची धाकटी तर माझ्याच मांडीवर झोपते. पण ते होऊ शकतं की नाही, अन् नाही तर कशामुळे, हे कळायला मला नऊ वर्षं लागली. ती नऊ वर्षं दुसरीची जाऊ नयेत.

दोन वर्षांपासून माझ्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मी बॉलपेनने एक रकाना आखलाय. तो सुपरवायझर मॅडमना दाखवत नाही. त्यात सात बाया आहेत, वस्तीतल्या चार, गावातल्या तीन. नावापुढे काय काय विचारलं ते लिहिते. पाळी कशी. घरात कोणाला टी.बी. होता का. थायरॉईड पाहिलं का. नवरा तपासला का. एकीला थायरॉईड निघालं. स्वस्तातली गोळी. तिला आता पाचवा महिना आहे, ती माझ्या दुसऱ्या रकान्यात गेली. एकीच्या नवऱ्यात बीजच नाही निघालं. सात वर्षं तो तिला मारत होता. रिपोर्ट आला तसा तो पुण्याला कामाला म्हणून गेला, फोन उचलत नाही. एकीच्या सासूने मला दारातून हाकललं. म्हणाली, "तू सोता वांझ अन् माह्या सुनेले शिकवून राह्यली का?"

पुढच्या मंगळवारी चौघी निघणार आहोत. सकाळी सातची जीप, मग एस.टी. तिघींचे नवरे यायला तयार झाले. चौथा नाही म्हणतो. तो तुमच्याच शाखेचा पोरगा आहे, जयंतीला निळा झेंडा तोच धरतो, भाषणही चांगलं करतो. मी बाईमाणूस, माझं ऐकणार नाही. तुमच्यातला कोणी, ज्याची स्वतःची तपासणी झाली असेल असा, सोमवारी संध्याकाळी येईल तर बरं. मुक्कामाची सोय आमच्याकडे होईल. भाकरी-बेसन असेल.